बाजरीत पोहणारे जीव

गहिनीनाथला एक नर हवा होता. पाण्यातला, बोटाच्या पेराहूनही लहान. नगरच्या कॉलेजात तो प्राणिशास्त्राचे प्रयोग मांडून द्यायचा. एकाहत्तरच्या पावसाळ्यात गावच्या उथळ तळ्यात त्याला उताणे पोहणारे इवले जीव सापडले, कोळंबीच्या लांबच्या भाऊबंदांपैकी. जात नवीच दिसत होती, पण हाती लागल्या साऱ्या माद्या. पुण्याचे तज्ज्ञ म्हणाले, नराच्या मिशांवरून जात ठरते. नर आणा, मग बोलू.

पुढच्या वर्षी पाऊसच आला नाही. तरी त्यानं आशा सोडली नव्हती, कारण यांची अंडी सुकल्या गाळात वर्षानुवर्षं तग धरतात. पण दुष्काळी कामावर तळ्यातला तोच गाळ उपसून लोकांनी गाड्या भरभरून शेतात नेला. तळं खोल झालं, गाव खूश झालं. गहिनीनाथचा जीव मात्र थाऱ्यावर राहिला नाही. त्र्याहत्तरला तळं भरलं, तेव्हा तो जाळी घेऊन काठाकाठानं भटकला. एकही जीव दिसेना. याला चळ लागलाय, असं लोक म्हणायचे, आणि फार खोटं म्हणत नव्हते.

मग एका सकाळी ते दिसले, चुलतीच्या, राहीबाईच्या शेतात. तिनं गाळ भरपूर टाकला होता. सखल कोपऱ्यात बांधाशी पाणी तुंबलेलं, बाजरीची रोपं पिवळी पडलेली, आणि रोपांमधून हे उताणे पोहत होते. अजून बारके होते, नर-मादी कळत नव्हती. राहीबाई बांध फोडायला फावडं घेऊन आली होती.

"काकू, चार दिस पानी ऱ्हाऊ दे."

"खात्यात का ह्ये?"

"न्हाई. पर जगात अजून कुनी पाह्यले न्हाईत."

"बाजरी बी दोन सालं कुनी पाह्यली न्हाई."

त्याला तिचा राग आला, मग स्वतःचीच लाज वाटली. फावडं त्यानंच घेतलं. बांध फोडला आणि वाहत्या पाण्याला अंगातला सदरा आडवा धरला. सदऱ्यात अडकले तेवढे जीव राहीबाईच्या घागरीत सोडले. त्यानंतर त्याला ना जेवण गेलं ना झोप आली. रोज काही मरत होते. शेवटी एकाला मिशा फुटल्या, दुभंगलेल्या, ऐटदार.

"गावला एकदाचा," राहीबाई हसली. "आता काय करनार ह्येचं?"

"स्पिरिटात बुडवायचा. मेल्याबिगर मिशा नीट तपासता येत न्हाईत."

राहीबाईचं हसू मावळलं. "आन् ह्येच्यासाठी माझी बाजरी मारनार हुतास?"

गहिनीनाथनं स्पिरिटच्या बाटलीचं बूच काढलं. मग वाटीनं घागरीतला नर उचलला.