वेदरबीचं दक्षिणेचं दार

विश्वनाथ टेंभेकरांनी कॅनडात एकही घर बांधलं नाही. नागपूरला ते सिव्हिल इंजिनियर होते. लंडनला, म्हणजे आमच्या ओंटारिओतल्या लंडनला, आल्यावर लायसन्सच्या चक्रात अडकले आणि टायरच्या गोदामातून निवृत्त झाले. म्हणूनच बहुधा त्यांनी एका मेलेल्या बिल्डरला जवळ केलं.

त्याचं नाव सायलस वेदरबी. इंग्लंडहून आलेला गवंडी. दीडशे वर्षांपूर्वी शहराच्या या टोकाला नुसता चिखल होता, तेव्हा त्यानं बाजाराची इमारत बांधली, मग शाळा, चर्च. मग शेतं घेऊन प्लॉट पाडले, रस्ते आखले, कामगारांसाठी विटांच्या घरांच्या रांगा उभ्या केल्या. तेवढ्यात मंदी आली, घरं रिकामी राहिली. त्याच्या इमारतींत धंदा करून गब्बर झालेल्यांनीच, त्याचं दिवाळं निघाल्यावर, रस्त्याला दिलेलं त्याचं नाव बदलून टाकलं. उरलं फक्त त्याचं राहतं घर, दक्षिणेला तोंड करून, दारावरच्या कमानीत दगडात कोरलेल्या नावासकट. हे नाव तरी टिकावं, एवढाच टेंभेकरांचा ध्यास होता. ते सांगू लागले की आमच्या महाराष्ट्र मंडळातले लोक चहाच्या निमित्तानं उठायचे.

ते घर विकायला निघालं. मंडळही जागा शोधत होतं. टेंभेकरांनी अध्यक्ष पुष्करच्या मागे लकडा लावला.

"काका, हेरिटेज म्हटलं की साधी खिडकी चेंज करायला सिटीची परमिशन. हू नीड्स दॅट?"

"ते सिटीच्या हेरिटेज लिस्टवर नाहीच. मी मुद्दाम अप्लाय केलं नाही. आपली माणसं घेणार असतील तर लिस्ट कशाला?"

आपली माणसं! एवढा शिकलेला माणूस, पण भाबडेपणा काही गेला नाही.

मंडळानं घर घेतलं. टेंभेकर आजारी बहिणीला भेटायला नागपूरला गेले आणि इकडे कुणीतरी फोनवरचा कंपास उघडला. दक्षिणमुखी दार! इथल्या हाडं गोठवणाऱ्या हिवाळ्यात ऊन म्हणून काय ते त्याच दारावर पडायचं, पण ते अशुभ. दिवसभर सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनी संध्याकाळी एकमतानं ठराव केला. मी विरोध केला, तर माझ्याकडे सगळे दयेनं बघत राहिले. कमान फोडली, दार विटांनी बुजवलं आणि उत्तरेला काचेचं नवं दार बसवलं. हेरिटेजवाले अडवायला आले नाहीत. ती सोय टेंभेकरांनीच करून ठेवली होती.

वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी ते परत आले. बुजवलेल्या दारावरून हात फिरवत म्हणाले, "दगड कुठाय?"

"सगळा राडारोडा डंपस्टरमधून गेला ना, काका," पुष्कर म्हणाला. "पण फोटो आहेत ग्रुपवर."

मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. टेंभेकर मला बाजूला घेऊन म्हणाले, "उद्या मी माईकवर बोलणार. हे घर कुणाचं ते सगळ्यांना ऐकवणार."

"सोडू नका," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर पुष्करनं त्यांना स्टेजवर बोलावलं, शाल पांघरवली, हातात नारळ दिला. "फ्रेंड्स, ही वास्तू ज्यांच्यामुळे उभी राहिली ते आपले इंजिनियर, विश्वनाथकाका!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. या देशात त्यांना इंजिनियर म्हणून कुणी पहिल्यांदाच हाक मारली होती. त्यांचे डोळे भरून आले. पुष्करनं माईक पुढे केला. आता वेदरबीचं नाव येईल म्हणून मी सरसावून बसलो.

"बांधकाम हे माझं पहिल्यापासूनचं वेड," टेंभेकर म्हणाले, आणि माईक परत दिला.