तिठ्यावरचा नारळ

दापोलीहून बुरोंडीच्या एसटीत बसले, तेव्हा माझ्याजवळ एका मेलेल्या माणसाचा निरोप होता. दोन हजार सालच्या आसपासची गोष्ट. मुंबईत व्यसनमुक्ती केंद्रात मी समुपदेशक होते. तिथे एड्सने खंगलेला बुरोंडीचा विलास जाण्याआधी म्हणाला, "माझ्या दोस्ताला, राघोला सांगा, रक्त तपासून घे म्हणावं. गर्द घ्यायला आमची सुई एकच होती. अशा जागी ठेवायचो, की गावात कोण हात लावणार नाय." जागा कुठली ते त्याने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

जांभ्याच्या धुळीने माझी पांढरी ओढणी विटकरी करून टाकली. उतरले तर तिठ्यावर (तीन वाटा मिळतात तिथे) उतारा मांडलेला: भात, लिंबू, कुंकू माखलेला नारळ. मी वाकून बघू लागले, तशी एक मासळीवाली मावशी ओरडली, "अगो बाय, लांब हो! कोण ठेवतो ते आजवर कुणी बघितलं नाय. विलास मेल्यापासून तर जास्तच दिसतात."

मावशीनेच जेवायला नेलं. तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, कालवण, तांदळाची भाकरी. दुसऱ्याच घासाला विलासचं बोलणं आठवलं: गावात कोण हात लावणार नाय अशी जागा. मी ताट बाजूला सारलं.

दिवस कलताना तिठ्यावर गेले. समुद्राची गाज ऐकू येत होती, पण माणूस नाही, कुत्रंही नाही. भाताला कावळासुद्धा शिवला नव्हता. लोकांची भीती घालवणं हे माझं काम. पण नारळाला हात लावायची छाती होईना. सरळ सांगते, मी घाबरले होते. तेवढ्यात एक हडकुळा माणूस आला, इकडेतिकडे बघून त्याने नारळ सहज बाजूला केला आणि खालच्या मातीतून पत्र्याची डबी काढली.

"राघो?"

त्याने डबी पाठीमागे लपवली. "विलासनं पाठवलंन?"

"हो," मी म्हणाले. खोटं नव्हतं ते.

विलासला काय झालं होतं, हे त्याला ठाऊकच नव्हतं. गावात कावीळ सांगितलेली. निरोप ऐकून तो डबी कुरवाळत राहिला. "दर खेपेला ऊन पाण्यानं धुवायचो, ताई. सोच्छ होती." मला रडू आवरेना.

सकाळी डबी माझ्या पिशवीत आणि तपासणीसाठी राघो माझ्या शेजारी, अशी एसटी निघाली. कालचा उतारा त्याने स्वतः समुद्रात सोडला होता. तिठा आला. तिथे नवा नारळ होता, कुंकू अजून ओलं.

राघोने माझं मनगट घट्ट धरलं. "मी नाय ठेवला."

मग खाली मान घालून म्हणाला, "मेव्हणा माझा. जुना दिसला नाय, म्हणून नवा ठेवलान असेल. विलास मुंबईला गेल्यावर जागा मीच दाखवली त्याला. तीच सुई घेतो तो. ताई, माझ्या भैनीला सातवा लागलाय."

मी कंडक्टरला घंटी मारायला लावली.

मेव्हण्याला समजावण्यात दिवस गेला. बहिणीला सांगणं त्याहून कठीण. ती रडली नाही, फक्त पोटावर हात ठेवून बसली. तिसऱ्या दिवशी दापोलीच्या बसमध्ये मी चार तिकिटं काढली.

घरी परतल्याला आता काही वर्षं झाली. अजूनही कुठे उतारा दिसला, की लोक बाजूने जातात आणि मी थांबते. भुताची भीती गेली माझी. त्या भीतीवर भरवसा ठेवून माणसं उताऱ्याखाली काय काय पुरतात, त्याची बसली.