आजोबांच्या नावचा वॉल्ट्झ

हेस्टर किनेन आयुष्यात एकच मोठं खोटं बोलली, आणि लोकांनी नेमकं तेवढंच मनापासून खरं मानलं.

वॉलबंगीच्या मेंढ्यांच्या मुलखात नाच असला की वाजवायला हेस्टरच. तिची कॉन्सर्टिना म्हणजे दोन तळव्यांत मावणारा छोटासा भाता. कातरणीचा हंगाम संपला की लोकरीच्या तेलाने गुळगुळीत झालेल्या शेडच्या फळ्यांवर जोड्या गरगरत आणि ही पिंपावर बसून वाजवत राही. तिला स्वतःला नाचायला कुणी कधी बोलावलं नाही. वाजवणारी उठली तर वाजवणार कोण?

तिची लेक आयव्ही घटसर्पाने गेली तेव्हा नवरा कळप घेऊन लांब होता. पोर झोपताना काहीतरी गुणगुणायची. तेवढाच धागा धरून हेस्टरने वॉल्ट्झची, म्हणजे जोडीने गिरक्या घेत नाचायची, एक चाल बसवली आणि पुढच्या नाचाला वाजवली. जोड्या थांबल्या.

"हे काय नवीन खूळ?" शेजारचा अल्फ ट्रँटर ओरडला. "आमच्या पायांना ठाऊक असलेलं वाजव की, बाई!"

या मुलखात चाल कुणाकडून तरी आलेली लागते. कातरकऱ्याकडून, गुराख्याकडून, निदान समुद्रापलीकडच्या एखाद्या मेलेल्याकडून. बाईने स्वतः रचली म्हणजे ती शेफारली. आणि पोरीचं नाव त्या दारूच्या वासात काढायला तिची जीभ रेटेना.

"नवीन कसलं? आजोबांनी आयर्लंडहून आणलीय," ती म्हणाली.

"मग आधी नाही का सांगायचं!" अल्फने बायकोला ओढलं. सगळे नाचले आणि पुढे वर्षानुवर्षं नाचत राहिले.

हेस्टरचे केस पांढरे झाले तेव्हा शहरातून मिस्टर लायल ध्वनिमुद्रणाचं यंत्र घेऊन आले. जुनी गाणी, जुन्या चाली गोळा करायच्या होत्या. हेस्टरचा तो वॉल्ट्झ ऐकून त्यांचे डोळे चकाकले.

"ही कुठून आली, हेस्टरबाई?"

आता लपवायचं कुणासाठी? "माझी आहे. मी रचली. माझ्या आयव्हीसाठी."

अल्फ खो खो हसला. "म्हातारे, डोकं फिरलं का तुझं? तूच तर आजोबांचं नाव घेतलं होतंस! माझी आई सांगायची, ती लहानपणी तिकडे आयर्लंडात हीच चाल ऐकायची म्हणून!"

"थापा मारत होती तुझी आई."

"मेलेल्या माणसाला बोलतेस? लाज वाटते का?"

लायलसाहेबांनी तिचा हात हळुवार थोपटला. असं होतं म्हणे. फार वर्षं वाजवलं की आपलंच वाटायला लागतं. त्या थोपटण्याने तिच्या अंगाचा तिळपापड झाला. पण खोट्याचा पाया तिनेच घातला होता, शिव्या कुणाला देणार?

रेडिओवर चाल वाजली. अतिप्राचीन, आयर्लंडची, कर्ता अज्ञात. गावाची छाती फुगली. सभागृहाच्या भिंतीवर आजोबांच्या नावाची पितळी पाटी लागली. अनावरणाला अर्थातच नात हवी. तिला ट्रँटरांची मुलं हाताला धरून घेऊन गेली.

या आजोबांना तिने कधी पाहिलंसुद्धा नव्हतं. दगडाच्या खाणीत स्फोट होऊन पोरवयातच ते ठार बहिरे झाले होते, एवढं मात्र आई सांगायची.

हेस्टरने पडदा ओढला. टाळ्या पडल्या. "आता वाजव, आजोबांचा वॉल्ट्झ!" अल्फ म्हणाला. तिने वाजवला. खिडकीतून टेकडीवरचं कब्रस्तान दिसत होतं. आयव्हीचा लाकडी क्रूस वाळवीने केव्हाच खाल्ला होता, आणि ती कुठे निजलीय हे आता हेस्टरलाही नेमकं सांगता आलं नसतं.