आईने फोडलेले हेझलनट

सातव्या महिन्यात माझी ओटी भरली तेव्हा नणंदेने खारका-बदामांबरोबर दोन ओंजळी हेझलनट घातले. परदेशातून परतताना तिने ते टरफलासकट आणले होते. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून माझ्याबरोबर तेही धामणगाव बढेला आईकडे आले.

आई आयुष्यभर बिबे फोडत आलेली. बिब्यातली गोडंबी बाळंतिणीच्या लाडवात पडलीच पाहिजे, असा तिचा कायदा. पण बिब्याचं तेल कातडीला लागलं की फोड उठतात, त्यामुळे फोडायला बसण्याआधी ती कोपरापर्यंत खोबरेल चोपडायची. हेझलनट पाहून तिने तेच केलं. अंगणाच्या टोकाला दगड मांडला, मला ओसरीवर पिटाळलं आणि साप मारायला निघाल्यासारखा बत्ता उचलला.

"आई, हा बिबा नाही. खायची चीज हाय," मी हसून हसून बेजार.

"तुले काय माहीत? अंगावर उतलं म्हंजे?"

काही उतलं नाही. आईने पहिला गर हुंगला, जिभेला लावला आणि जरा हिरमुसलीच. "याले तं रागच नाही वं!"

मग मात्र तिला त्या फळाचा लळा लागला. गर तुपात परतून तिने डिंक, खारीक, खोबरं आणि गुळात घातला आणि थोडे लाडू वळले. खरे लाडू बाळंतपणानंतर, हे नुसते चवीपुरते. पाच अख्खी फळं मात्र बाजूला ठेवली. तापलेल्या दाभणाने त्यांना भोकं पाडून लाल दोऱ्यात ओवली, प्रत्येकाला कुंकवाचे डोळे काढले. वाळलेला गर आत खुळखुळ वाजायचा. पाळणा आधी बांधत नाहीत, म्हणून ते खेळणं तिने पेटीत ठेवलं. रोज एकदा काढून मात्र वाजवायची.

नवव्या महिन्यात एका सकाळी बाळ हलेना. मी आईला सांगितलं.

"गोड खाल्लं का लेकरू हालते. हा लाडू खा अन् डाव्या कुशीवर निज."

मी लाडू खाल्ला, पडून राहिले. दुपारपर्यंत वाट पाहिली. मग गाडी बोलावून दवाखान्यात गेलो. तपासणीच्या खोलीत मी एकटीच होते, आई बाहेर बाकावर. डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर बराच वेळ पाहिलं. "ठोके कालच थांबलेत," त्या म्हणाल्या. "आज सकाळी आला असतात तरी काही झालं नसतं."

मुलगी होती. केस दाट होते तिचे.

दुसऱ्या दिवशी आईने मला विचारलं, "डाक्टर काय म्हणे?"

मी भिंतीकडे पाहत म्हणाले, "उशीर झाला म्हणे."

का म्हणाले? मला कुणावर तरी राग काढायचा होता, आणि जवळ तीच होती. एवढंच खरं कारण.  घरी आल्यावर आई रोज माझं अंग चोळत राहिली, शेकत राहिली, आणि मी तिच्याशी कामापुरतं बोलत राहिले. माझं दूध दाटून यायचं, चोळी ओली व्हायची, आणि मला तिचाच राग यायचा.

बाराव्या दिवशी, म्हणजे ज्या दिवशी आमच्याकडे बारसं झालं असतं त्या दिवशी, अंगणातून दगडावर बत्ता पडल्याचा आवाज आला. आई बिबे फोडत होती. बाळ नसलं तरी लेक बाळंतीणच आहे, तिला लाडू हवेत, असं तिने ठरवलं होतं. मी जवळ गेले. तिच्या बोटांवर, तळहातावर, मनगटापर्यंत फोड टरारले होते; कालपासूनच फोडत असावी. तेलाची बाटली घरातच, फळीवर होती.

"आई, तेल काऊन नाही लावलं?"

"राहू दे."

जिने रागच नसलेल्या फळाला कोपरापर्यंत तेल लावलं होतं, ती आज बिब्यात कोरडे हात घालून बसली होती.  मी तिथेच मातीत बसले, तिच्या हातातला बत्ता काढून घेतला आणि सांगून टाकलं. ठोके आदल्या दिवशीच थांबले होते, लाडवाने काही झालं नाही, मी खोटं बोलले.

आईने सुजलेले हात मांडीवर उपडे ठेवले. तिच्या डोळ्यांत पाणीही आलं नाही. तिने विचारलं, "मग बारा दिवस मले काऊन नाही सांगितलं, माय?"

मी बाटली आणली आणि तिच्या हातांना तेल लावत राहिले. तिने हात मागे घेतले नाहीत. लाडू तिने केले, मी ते सगळे खाल्ले. फोड बसले, डाग राहिले.