काठमांडूतली दहा पावलं

सून माझ्या गुडघ्याला बाम चोळू लागली, की मला काठमांडू आठवतं. एकाहत्तर साली नगरहून यात्रेच्या बसनं आम्ही नेपाळला गेलो होतो. सकाळीच धर्मशाळेच्या पायरीवर बायकोच्या छातीत कळ आली. बाम चोळून उपयोग होईना. टॅक्सीवाल्यानं दवाखान्यापर्यंतचे दुप्पट मागितले.

“आवं, द्या की मागतोय ते,” ती कण्हत म्हणाली.

“गप गं. आत्ता हाक मारतोय बघ.”

बैलबाजारात सौदा अडला, की मी असाच चालू लागायचो. मागं बघायचं नाही, हा नियम. तिला पायरीवरच ठेवून दहा पावलं चाललो. हाक आली नाही. गाडीच निघून गेली. दुसरी मिळेपर्यंत बायको संपली होती.

त्या ड्रायव्हरला मी आजही शिव्या देतो. पण तिच्याकडं पाठ मीच फिरवली होती.