पिट लेनमध्ये बाबांना झालेला दंड

टीव्हीवर मोटारींची शर्यत असली की बाबा आणि मी सोफ्याच्या दोन टोकांना बसतो. रेल्वेच्या ऑफिसात नोकरी झाली त्यांची. स्कूटर जन्मभर जपून चालवली, पण शर्यतीत त्यांना बेधडक ड्रायव्हरच आवडतात. आई शेजारी भाजी निवडते.

त्या रविवारी बाबांच्या लाडक्या ड्रायव्हरला दंड झाला. टायर बदलायला गाड्या ज्या अरुंद गल्लीत शिरतात, त्या पिट लेनमध्ये वेगाची मर्यादा असते. हा ती ओलांडून सुसाट गेला.

"जराशी ओलांडली असन," बाबा म्हणाले. "शर्यत आहे का वरात?"

"तिथं माणसं पायी उभी असतात, बाबा."

"मंग त्याईले गाडी येऊन राहिली ते दिसत नाही का?"

मेथी निवडता निवडता आई म्हणाली, "ज्याच्या हाती गाडी, त्यानं पाहावं."

जेवतानाही वाद मिटेना. शेवटी पुढच्या रविवारी मी दोघांना शहराबाहेर भनपुरीच्या पुढे, छोट्या कार्ट गाड्या चालवायला मिळतात त्या ट्रॅकवर नेलं. तिथंही बाहेर पडायची गल्ली होती, तोंडाशी हिंदीत पाटी: धीरे चलें.

बाबा आणि मी निघालो. हेल्मेट घातलेले बाबा वळणावर मला कापून पुढे गेले आणि त्याच जोशात गल्लीत घुसले. गल्लीत झेंडा दाखवायला उभा असलेला झेंडेवाला उडी मारून टायरांच्या ढिगावर चढला.

"पहिला मीच," बाबा उतरत म्हणाले.

"तुमचा नंबर गेला," कठड्याशी उभी आई म्हणाली.

"काहून?"

"पाटी नाही वाचली."

"वाचली ना. वाचेपर्यंत पुढं आलो होतो."

आईनं जिंकल्याचा मान मला दिला. बाबांनी हेल्मेट काढलं. मग स्वतःच झेंडेवाल्याकडे गेले. "भैया, माफ करना. जोश में आ गया." तो हसला, तेव्हा कुठे बाबाही हसले.

"आता मीबी बसते," आई म्हणाली आणि ओढणी काढून झेंडेवाल्याच्या हाती दिली. आम्ही पाहतच राहिलो.

तिघंही निघालो. आई सगळ्यांच्या पुढे, आणि बैलगाडीच्या चालीनं. मी डावीकडून गेले की ती डावीकडे, बाबा उजवीकडून आले की उजवीकडे. शेवटपर्यंत तिनं कुणाला पुढे जाऊ दिलं नाही. गल्लीत मात्र अगदी पायी चालल्यासारखी शिरली.

परतताना गुपचुपच्या, म्हणजे पाणीपुरीच्या, ठेल्यावर बाबांनी विषय काढला. "असा रस्ता अडवणं चालते का? नियम आहे, एकदाच बाजू बदलता येते."

"हव," मी म्हटलं. "दंड द्यायला पाहिजे."

बाबांनी हातातल्या पानाच्या द्रोणाचं कार्ट करून आईनं कसं अडवलं ते दाखवलं. पाणी त्यांच्याच शर्टावर सांडलं. आई ठेलेवाल्याला आणखी तिखट घालायला सांगत होती. कितीतरी दिवसांत मी तिला इतकं खुशीत पाहिलं नव्हतं.