सपाटरावांचं सपाटीकरण

माझ्या भाऊजींना गावात सपाटराव म्हणतात. पाठीमागे म्हणतात तसं तोंडावरही म्हणतात, आणि भाऊजींना तो मान वाटतो. कुणी तशी हाक मारली की चष्मा कपाळावर सरकवून असे बघतात, की जणू हारच घालायला आलंय कुणी. चेष्टेला कौतुक समजण्याची ही देणगी मी दुसऱ्या कुठल्या माणसात पाहिलेली नाही.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. धंदा अर्ज लिहून देण्याचा. नगररचना कचेरीच्या दारासमोर, झेरॉक्सच्या दुकानाला टेकून त्यांचं टेबल आहे. आधी ते त्याच कचेरीत कारकून होते, पण आत बसून अर्ज अडवण्यापेक्षा बाहेर बसून ते सोडवण्यात जास्त रुबाब आहे हे त्यांना लवकर उमगलं. टेबलावर काच, काचेखाली गावाचा रंगीत नकाशा, आणि काचेवर चहाच्या कपाचं एक कायमचं गोल. शर्टाच्या खिशात तीन पेनं. त्यातलं एक चालतं.

खाण काढायची म्हटलं तर आमच्याकडे कायदा मोठा आहे. नकाशावर ती जागा जांभळ्या रंगात असावी लागते. पिवळा रंग राहण्याचा, हिरवा शेतीचा, तिथे खाण चालत नाही. वस्तीपासून, रस्त्यापासून, विहिरीपासून लांब असावी लागते. सुरुंग कधी उडवायचे ते ठरवून घ्यायचं, कुंपण घालायचं, धुळीवर पाणी मारायचं, आसपासच्या लोकांना बोलावून त्यांचं ऐकून घ्यायचं, आणि दगड संपला की खड्डा बुजवून वर झाडं लावून देऊ अशी हमी द्यायची. हा सगळा कायदा एका शब्दावर टपून बसलेला असतो. अर्जात 'खाण' आलं की तो जागा होतो.

भाऊजींनी आयुष्यात एकच शोध लावला, तो म्हणजे हा शब्द लिहायचाच नाही. त्याऐवजी लिहायचं, 'बांधकामासाठी उंचवट्याचे सपाटीकरण'. माणूस घर बांधायला जागा सारखी करतोय, त्याला कोण हरकत घेणार? एका सहीत काम. जागा पिवळ्या रंगात असेल तर उलट बरंच, घरं तिथेच तर बांधायची. आता सारखं करताना जी खडी निघते, जो मुरूम निघतो, तो लोक येऊन विकत नेतात, त्याला बिचारा मालक काय करणार?

अशी आमच्या गावाभोवतीची टेकाडं एकेक करून सपाट झाली. घर एकही उभं राहिलं नाही. डोंगर पोखरून उंदीर काढतात असं ऐकलं होतं, इथे उंदीरही निघाला नाही, नुसते डंपर निघाले. एके ठिकाणी तर टेकडी जमिनीला टेकली तरी काम थांबेना. खाली खड्डा झाला, खड्ड्यात पाणी साठलं, पाण्यात बदकं पोहायला लागली, तरी कागदावर सपाटीकरण चालूच.

मी एकदा म्हटलं, "भाऊजी, पाणी तर सपाटच असतं. आता तरी झालं ना काम?"

ते हसले नाहीत. म्हणाले, "मी तुझ्या धंद्यातलं काही विचारतो का?"

माझा धंदा लाँड्रीचा. दवाखान्यांच्या आणि हॉटेलांच्या चादरी धुऊन, इस्त्री करून द्यायच्या. माझ्या धंद्यात डागाला डागच म्हणावं लागतं. नक्षी म्हणून गिऱ्हाईकाच्या गळ्यात मारता येत नाही.

यात भाऊजींना मिळत काय होतं, हे कोडं मला पुष्कळ दिवस पडलं होतं. कमाई बेताची. पेनांची चैन सोडली तर दुसरी चैन नाही. मग एक दिवस मी त्यांच्या टेबलाशी उभी असताना खडीवाला आला. खडीवाला म्हणजे गावातले निम्मे डंपर ज्याचे, तो. गाडीतून उतरला आणि म्हणाला, "साहेब, जरा एक अर्ज होता." भाऊजींचा चेहरा असा उजळला की मला कोडं सुटलं. कारकून होते तोवर त्यांनी दुसऱ्यांनाच साहेब म्हटलं होतं. आता कुणीतरी त्यांना म्हणत होतं. एवढ्यावर माणूस डोंगर विकतो.

तो अर्ज कुठल्या डोंगराचा होता ते त्याच दिवशी संध्याकाळी ताईला कळलं. तो ताईच्या घरामागचा होता.

ताईचं घर गावाच्या टोकाला, टेकडीच्या पायथ्याशी, एका लहानशा चढावर होतं. बांधकाम चालू असताना विटांना पाणी मारायला ती स्वतः जायची. स्वयंपाकघराची खिडकी गवंड्यानं रस्त्याकडे काढली होती, ती तिनं बुजवायला लावून टेकडीकडे काढून घेतली. गवंडी म्हणाला, तिकडे बघायला आहे काय? ताई म्हणाली, कुणी नाही, म्हणूनच. दुरून डोंगर साजरे म्हणतात, ताईला तो जवळून हवा होता.

"आपल्याच मागचा?" तिनं विचारलं.

"उंचवटा आहे तो," भाऊजी म्हणाले. "किरकोळ काम. आणि मी नाही लिहिलं तर दुसरा कुणी लिहीलच की."

ही दुसऱ्या कुणाची सबब फार सोयीची. तो दुसरा कधी कुणाला भेटत नाही, पण जगातली सगळी हलकी कामं त्याच्या भीतीनं होतात.

किरकोळ काम सुरू झालं. सुरुंग उडाला की ताईच्या फळीवरचे डबे एकमेकांशी बोलायचे. डाळीत धूळ, पिठात धूळ, उशीवर धूळ. स्वयंपाकघराच्या भिंतीला केसासारखी एक रेघ पडली. पुढे तिच्यात नाणं मावायला लागलं, मग बोट. माझ्याकडच्या फाटक्या चादरींच्या पट्ट्या नेऊन ताई ती फट बुजवायची. रोज थोड्या जास्त पट्ट्या लागायच्या. भाऊजी त्याच भिंतीकडे पाठ करून जेवायचे आणि म्हणायचे, "नवीन घर जरा बसतंच."

"नवीन?" मी म्हणायचे. "ताईचे केस पिकले या घरात."

शेवटी मीच ताईला घेऊन कचेरीत गेले. तिथे नवीन अधिकारी बाई आल्या होत्या, वयानं लहान, बोलायला नेमक्या. त्या खुर्चीवरून उठून घर बघायला आल्या, हेच मला नवल. भाऊजीही टेबल सोडून धावत आले. स्वयंपाकघरात ताईनं चहा ठेवला आणि मागे सुरुंग उडाला. वरचा गिलावा सुटून साखरेच्या डब्यात पडला. बाईंनी डब्याकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर पाहिलं. टेकडी होती तिथे आता एक कडा होता, आणि कड्याच्या पायाशी डंपर रांगेनं उभे होते.

"काका," त्या भाऊजींना म्हणाल्या, "माझ्याकडे परवानगी आहे ती सपाटीकरणाची. त्याला अंतराची अट नाही, सुरुंगाची नाही, कसलीच नाही. पण हे सपाटीकरण नाही, हे तुम्हालाही दिसतंय. तुम्ही घरमालक आहात. घरामागे खाण चालू आहे, एवढं मला लिहून द्या. मी आजच्या आज काम बंद करते. पुढचं मी बघून घेईन."

ताईनं भाऊजींच्या खिशातून पेन काढलं, बरोबर तेच, चालणारं, आणि त्यांच्या हातात दिलं. मला तेव्हा वाटलं, वाचलं घर.

भाऊजींनी लिहिलं. अक्षर मोत्यासारखं आहे त्यांचं, तेवढं खरं. बाईंनी कागद घेतला आणि मोठ्यानं वाचला. "घरामागे चालू असलेल्या सपाटीकरणामुळे किंचित त्रास होत असून योग्य ती दखल घेण्यात यावी."

बाईंनी कागदाची घडी घातली. "किंचित त्रासावर मी फार तर त्यांना धुळीवर पाणी मारायला सांगू शकते," त्या म्हणाल्या आणि ताईकडे न बघता निघून गेल्या. चहा तसाच राहिला.

माझा संताप झाला. "भाऊजी, दोन अक्षरं होती. खा आणि ण. तुमची बायको या भिंतीखाली झोपते."

"तुला कळत नाही," ते म्हणाले. "ती दोन अक्षरं आज लिहिली, तर उद्या गावातल्या माझ्या सगळ्या परवानग्या उघड्या पडतील. मग मला कोण विचारणार?"

"आत्ता कोण विचारतंय?"

"सगळे विचारतात," भाऊजी म्हणाले आणि त्यांनी पेन जागच्या जागी खोवलं. दगडाखाली हात सापडलेली माणसं मी पाहिली आहेत. पण दगड स्वतः उचलून आणून, खाली बायकोचा हात ठेवणारा हा एकच.

भिंत दुपारची पडली. ताई माझ्याकडे चादरींच्या पट्ट्या न्यायला आली होती म्हणून वाचली. आम्ही धावत गेलो तर स्वयंपाकघराची जागा उघडी पडली होती, आणि खिडकीची चौकट तेवढी शाबूत, विटांच्या ढिगावर आडवी पडलेली. ताई रडली नाही. तिनं चौकटीवरची धूळ पदरानं पुसली, का ते तिलाच ठाऊक.

मग ती दोघं माझ्या दुकानामागच्या खोलीत राहायला आली. पडक्या घराला दुसरं गिऱ्हाईक कुठून मिळणार? ते खडीवाल्यानंच घेतलं, कारण घराच्या चढाखालीही दगड चांगला आहे. आणि तो काढायला अर्ज हवा. तो घेऊन खडीवाला माझ्या दुकानात आला. "साहेब, जरा एक अर्ज होता."

मला वाटलं, आता तरी हा माणूस उठेल आणि त्याच्या तोंडावर कागद फेकेल. भाऊजींनी माझ्या इस्त्रीच्या टेबलावरच्या चादरी एका बाजूला केल्या आणि लिहायला बसले. लिहून झालं की मोठ्यानं वाचून दाखवायची त्यांची सवय आहे. ती त्यांनी इथेही सोडली नाही. "सदर जागेवरील उंचवट्याचे, त्यावरील किरकोळ अडथळ्यासह, सपाटीकरण करण्यास परवानगी मिळावी."

ताई इस्त्री करत होती. तिनं इस्त्री उभी ठेवली. "घर असं नाही लिहिलंत?"

"घर लिहिलं की वस्ती आली," भाऊजींनी तिला समजावलं, लहान मुलाला समजावतात तसं. "वस्ती आली की चौकशा आल्या. परवानगी अडते."

खडीवाला कागद घेऊन गेला. ताईनं इस्त्री पुन्हा हातात घेतली.

आता ती त्यांना जेवायला वाढते, गोळ्यांची आठवण करते, कपडे धुते. फक्त 'अहो' म्हणत नाही. काहीच म्हणत नाही. भाऊजींच्या हे लक्षात यायला बरेच दिवस लागले, आणि आल्यावर त्यांनी मला विचारलं की तुझ्या ताईला ऐकायला कमी येतं का.

परवा दवाखान्याचा नवीन माणूस चादरींचं गाठोडं घेऊन आला. भाऊजी दाराच्या मधोमध स्टूल टाकून बसले होते, कुणी अर्ज घेऊन येतं का बघत. त्याला आत येता येईना. त्यानं गाठोडं या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं आणि आत बघून विचारलं, "बाई, हे कोण?"

ताईनं मान वर केली नाही.

"कुणी नाही," ती म्हणाली. "उंचवटा आहे. बाजूनं या."

भाऊजींनी चष्मा कपाळावर सरकवला. मग स्टूल उचललं आणि स्वतःच बाजूला झाले.